पिल्लू अंड्यात तयार होतं, मग बाहेर का येत नाही? घरचा इनक्युबेटर आणि मराठवाड्याची हवा

थर्माकोलचा खोका, दोन पिवळे बल्ब, कॉम्प्युटरमधला जुना पंखा आणि एक छोटा कंट्रोलर. एवढ्या सामानात पिल्लं काढून दाखवणारे व्हिडिओ मोबाईलवर ढिगाने सापडतात. त्यात खोटं काही नाही, खोका चालतो. पण घरी करून पाहिलेल्या बऱ्याच जणांची तक्रार एकाच जागी येऊन अडते. एकविसावा दिवस उलटतो, दहातली तीन-चार पिल्लं निघतात, आणि बाकीची अंडी फोडली की आत पिसांसकट पूर्ण वाढलेलं, मेलेलं पिल्लू. अंडी नासलेली नव्हती, कंट्रोलरवर आकडाही बरोबर दिसत होता. मग बिघडलं कुठे?

बहुतेक वेळा पाण्यात. ऊब तयार करणं हे यातलं सोपं काम, ते बल्ब करतो. अवघड आहे ते अंड्यातून योग्य तेवढंच पाणी बाहेर जाऊ देणं, आणि उन्हाळ्यात नको असलेली उष्णता खोक्याबाहेर काढणं. गावरान, कडकनाथ, बँटम अशा लहान चणीच्या कोंबड्यांच्या अंड्यांना या दोन्ही गोष्टी जास्त जाचतात. त्यातून आपली हवा मराठवाड्याची.

खोका नेमकं काय करतो

पिल्लाला लागणारं सगळं अन्न अंड्यात असतंच. बाहेरून हवी ऊब, बेताचा दमटपणा, ताजी हवा आणि अधूनमधून कूस बदलणं. खुडूक कोंबडी हे सगळं अंगाने करते. खोक्यात ते आपल्याला वेगवेगळं करावं लागतं.

कंट्रोलर म्हणजे तापमान बघून बल्ब चालू-बंद करणारी छोटी पट्टी. डब्ल्यू-१२०९ नावाची पट्टी बहुतेकांच्या खोक्यात असते. ३७.५ अंशांवर लावली की तिथे पोचताच ती बल्ब बंद करते आणि थोडं उतरलं की पुन्हा लावते. हे 'थोडं' म्हणजे किती, ते आपणच ठरवायचं असतं आणि अर्ध्या अंशाच्या आत ठेवायचं असतं. लहान अंडं लवकर तापतं आणि लवकर निवतं, त्यामुळे दोन-दोन अंशांचे झोके त्याला सोसत नाहीत. बल्ब दोन, कारण एक उडाला तर दुसरा रात्र निभावून नेतो. एलईडी इथे कामाचा नाही. जुन्या बल्बची बहुतेक वीज उष्णतेत जाते म्हणून तो बाद झाला, आणि आपल्याला हवी आहे ती उष्णताच. (हल्ली दुकानात पिवळा बल्ब मागितला की दुकानदार आधी आपल्याकडे बघतो, मग माळ्यावर चढतो.)

कंट्रोलरच्या आकड्यावर डोळे झाकून विसंबू नका. तापाचा थर्मामीटर घरात असतोच आणि त्याची धाव साधारण ३५ ते ४२ अंश, म्हणजे नेमकी आपल्या कामाची. पेलाभर कोमट पाण्यात कंट्रोलरची वायर आणि हा थर्मामीटर शेजारी-शेजारी बुडवा. दोघांत अंशाचा फरक निघाला तर कंट्रोलर तेवढा सुधारून घ्या. एका अंशाने काय होतंय, असं इथे म्हणता येत नाही. सतत अंशभर कमी राहिलं तर पिल्लं उशिरा आणि अशक्त निघतात. सतत अंशभर जास्त राहिलं तर घाईने, बेंबी नीट न मिटलेली निघतात किंवा आतच मरतात.

खोक्यात पंखा असेल तर ३७.५ सगळीकडे सारखं राहतं. पंखा नसेल तर गरम हवा वर साचते, म्हणून तापमान अंड्याच्या वरच्या पाठीशी मोजायचं आणि तिथे ३८.३ ते ३८.९ ठेवायचं. लहान अंड्याचा इथेच घोटाळा होतो. त्याची पाठ मोठ्या अंड्यापेक्षा अर्धा सेंटिमीटर तरी खाली असते. मोठ्या अंड्यांच्या उंचीवर टांगलेली वायर बरोबर आकडा दाखवत राहते, आणि गावरान अंडी खाली थंड पडलेली असतात. दोन्ही जाती एकाच खोक्यात असतील तर पंखा बसवाच.

अंड्याचं कवच म्हणजे माठ

कवच घट्ट दिसतं, पण त्याला हजारो बारीक छिद्रं असतात. माठातून जसं पाणी झिरपून उडून जातं, तसंच अंड्यातून वाफ बाहेर पडत राहते. आणि ती पडायलाच हवी. गेलेल्या पाण्याच्या जागी हवा आत येते आणि अंड्याच्या बोथट टोकाशी पोकळी वाढत जाते. बाहेर यायच्या आदल्या दिवशी पिल्लू चोच आधी या पोकळीत खुपसतं आणि आयुष्यातला पहिला श्वास तिथे घेतं. कवचाला चीर त्यानंतर पडते.

पाणी कमी गेलं तर पोकळी लहान राहते, पिल्लू सुजल्यासारखं फुगतं, त्याला वळायला जागा मिळत नाही आणि आतल्या पाण्यातच गुदमरतं. पाणी जास्त गेलं तर आतला पापुद्रा वाळून कागदासारखा कडक होतो आणि पिल्लाच्या पिसांना चिकटतो. चीर पडलेली दिसते, चोच हलते, पण पिल्लू फिरू शकत नाही. पूर्ण वाढून आत मेलेली जी पिल्लं सापडतात, त्यांतली बरीच या दोनांपैकी एका कारणाने गेलेली असतात. मेलेलं अंडं फोडल्यावर आत ओल थबथबलेली आहे की सगळं सुकून चिकटलंय, हे बघितलं तर पुढच्या खेपेला काय बदलायचं ते कळतं. किळस वाटते, पण बघावंच.

किती पाणी जायला हवं याचा हिशेब पक्का आहे. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचं वजन साधारण ११ ते १४ टक्क्यांनी घटायला हवं. गावरान अंडं ४० ग्रॅमच्या आसपास असतं. दहा अंडी ४०० ग्रॅम भरली तर नवव्या दिवशी ती ३७५ च्या आसपास आणि अठराव्या दिवशी ३५० च्या आसपास यायला हवीत.

आता लहान अंड्याकडे येऊ. तेवढ्याच हवेत रांजणापेक्षा लहान माठ लवकर रिता होतो, कारण आत पाणी थोडं आणि त्या मानाने अंग जास्त. पोल्ट्रीचं ६० ग्रॅमचं अंडं आणि ४० ग्रॅमचं गावरान अंडं यांत दर ग्रॅममागे गावरान अंड्याला जवळपास १५ टक्के जास्त कवच मिळतं. म्हणून पोल्ट्रीच्या अंड्यांसाठी लिहिलेला दमटपणाचा आकडा जसाच्या तसा गावरान किंवा बँटमला लावला की बऱ्याचदा अंडी जास्त सुकतात. उपाय एकच आणि स्वस्त: ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा. ट्रे दर चार-पाच दिवसांनी काट्यावर ठेवा आणि आकडा वहीत लिहा. माझ्या मते या कामात कंट्रोलरनंतर पैसे कुठे घालायचे तर काट्यात.

"पाण्याची वाटी ठेवली होती की!"

ठेवली असणार. पण तीच वाटी जानेवारीत कमी पडते आणि ऑगस्टमध्ये घात करते.

हवेतला दमटपणा आपण टक्क्यांत मोजतो. त्या तापमानाला हवा जास्तीत जास्त जेवढी वाफ धरू शकते, त्यातली किती टक्के वाफ आत्ता तिच्यात आहे, एवढाच त्याचा अर्थ. हवा तापली की तिची धरायची ताकद वाढते. वाफ तेवढीच राहते, म्हणून टक्के घसरतात. हिवाळ्यात खोलीत २० अंश आणि ५० टक्के दमटपणा असेल आणि तीच हवा खोक्यात ३७.५ पर्यंत तापली, तर आत फक्त १८ टक्क्यांच्या आसपास उरतात. मे महिन्यातल्या दुपारी बाहेर ४२ अंश आणि १५ टक्के असतील तर खोक्यातही २० च्या आतच. पण श्रावणातल्या २७ अंशांच्या, ८५ टक्के दमट हवेचं गणित वेगळं. ती तापली तरी ४७ टक्क्यांवर येऊन थांबते.

पहिल्या सतरा-अठरा दिवसांत खोक्यात साधारण ४५ ते ५५ टक्के हवेत. म्हणजे पावसाळ्यात झडीच्या दिवसांत खोक्यात पाण्याचं भांडं मुळीच नको. हवेतच पुरेसं आहे. वर भांडं ठेवलं की अंड्यातलं पाणी जायचं थांबतं. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात मात्र भांडं लागतं, आणि तिथे भांड्याची खोली नाही, पसारा मोजायचा. खोल तांब्यापेक्षा पसरट ताटली कितीतरी जास्त वाफ देते. ताटलीत स्पंजचा किंवा कापडाचा तुकडा उभा केला तर आणखी. वजन फार लवकर घटत असेल तर ताटली मोठी करायची. घटतच नसेल तर ताटली काढायची आणि हवेची भोकं मोकळी करायची.

दमटपणा मोजायचं छोटं यंत्र, म्हणजे हायग्रोमीटर, स्वस्तात मिळतं आणि तितकंच बेभरवशाचं असतं. त्याची परीक्षा घरी घेता येते. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, त्याचा चिखल होईल इतकंच पाणी घाला, आणि झाकण व यंत्र एका घट्ट पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी ७५ टक्के दिसायला हवेत. ६८ दिसले तर यंत्र सात टक्के कमी दाखवतंय, एवढं लक्षात ठेवून तेच वापरा.

मे महिन्यात खोका गार कसा करायचा?

इथे व्हिडिओ मदतीला येत नाहीत, कारण ते बहुतेक गार प्रदेशातल्या पद्धतींवर बेतलेले असतात. कंट्रोलरला फक्त तापवता येतं. पत्र्याच्या घरात दुपारी ४१ अंश झाले की तो बल्ब बंद करून गप्प बसतो आणि खोका तापत राहतो. त्यात दुसऱ्या आठवड्यानंतर अंड्यातली पिल्लं स्वतःही उष्णता सोडू लागतात, म्हणजे भरलेला खोका आतूनच तापतो. गारठा अंडं काही तास सोसतं, पण ४० च्या पुढची उष्णता फार वेळ सोसत नाही.

माळवदाचं जुनं घर असेल तर त्याची आतली खोली सगळ्यात चांगली. मातीच्या जाड भिंतींमुळे तिथलं तापमान दिवस-रात्र फारसं हलत नाही. ते नसेल तर कूलरची खोली. कूलरची हवा गार आणि दमट असते, त्यामुळे पाण्याची ताटली लहान करावी लागेल. दुपारी खोक्याचं झाकण किलकिलं करून पंखा चालू ठेवणं, खोक्याला बाहेरून ओलं गोणपाट गुंडाळणं (भोकं उघडी ठेवून), हेही चालतं. पण माझं स्पष्ट मत विचाराल तर एप्रिलच्या मध्यापासून मृगाचा पाऊस पडेपर्यंत खोका बंदच ठेवा.

उन्हाळ्यात अंडी खोक्यात जायच्या आधीही बिघडतात. साधारण २०-२१ अंशांच्या खाली अंड्यातला जीव थांबून राहतो. त्यावर गेला की हळूहळू वाढू लागतो. ३८ अंशांच्या स्वयंपाकघरात चार दिवस टोपलीत पडलेलं अंडं धड उबवलेलंही नसतं आणि धड थांबलेलंही नसतं. अशातला गर्भ खोक्यात जाण्याआधीच अशक्त होतो किंवा मरतो. अंडी १५ ते १८ अंशांत, टोकदार बाजू खाली करून ठेवायची आणि सात दिवसांच्या आत लावायची. फ्रिज त्यासाठी फार थंड. ओल्या वाळूवर ठेवलेलं मडकं आणि वर कापड, हा गावातला जुना उपाय हिवाळ्यात पुरतो. मे महिन्यात तोही कमीच पडतो.

लाइट गेली तर?

लाइट जाण्याची धास्ती सगळ्यात जास्त असते, आणि खरं तर तीच गरजेपेक्षा जास्त आहे. तास-दोन तास लाइट गेली म्हणून अंडी मरत नाहीत. कोंबडीसुद्धा दाणा-पाण्याला उठते तेव्हा अंडी उघडीच असतात. खोक्यात पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या कायम ठेवा. त्या ऊब धरून राहतात. हिवाळ्यात वर वाकळ टाका, पण हवेची भोकं झाकू नका. लांबणार असं दिसलं तर बाटल्यांत कोमट पाणी भरा. उन्हाळ्यात लाइट गेली तर वाकळ नको, उलट झाकण थोडं उघडा. शेवटच्या आठवड्यात तर नक्कीच, कारण तेव्हा ऊब आतून येत असते आणि पंखा बंद असतो.

खरी भीती वायरिंगची. थर्माकोल पेट घेतो. बल्ब भिंतीपासून आणि झाकणापासून वीतभर दूर, होल्डर पक्का, पाण्याची ताटली वायरींच्या खाली नाही, २३० व्होल्टचा एकही जोड उघडा नाही. पिल्लं नंतरही काढता येतील.

कूस बदलणं आणि उजेडात बघणं

अंड्याच्या एका बाजूला पेन्सिलने फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढा. दिवसातून तीन किंवा पाच वेळा फिरवा. विषम वेळा अशासाठी, की रात्रभर रोज तीच बाजू वर राहू नये. फिरवलं नाही तर वाढणारा गर्भ आतल्या पापुद्र्याला चिकटतो.

सातव्या दिवशी अंधारात मोबाईलच्या टॉर्चवर अंड्याचं बोथट टोक टेकवून बघा. जिवंत अंड्यात लाल शिरांचं जाळं आणि मध्ये काळा ठिपका दिसतो, आणि नशीब असेल तर तो हलतो. पूर्ण पिवळं-पारदर्शक दिसलं तर ते अंडं फलित नव्हतं. नुसतं लाल कडं दिसलं तर जीव होता, गेला. कडकनाथची अंडी फिक्या कवचाची, त्यामुळे नीट दिसतं. गडद कवचाला दहाव्या दिवसापर्यंत थांबा.

शेवटचे तीन दिवस: हात बांधून बसायचं

कोंबडीचं अंडं एकविसाव्या दिवशी फुटतं, हे पाठ झालेलं असतं. पण बँटमसारखी अगदी लहान अंडी बऱ्याचदा एकोणीस-वीस दिवसांतच फुटतात. म्हणून त्यांना सतराव्या दिवशीच फिरवणं थांबवायचं, बाकीच्यांना अठराव्या. त्यानंतर दमटपणा ६५ ते ७० टक्क्यांवर न्यायचा आणि झाकण उघडायचं नाही. इथे मात्र पावसाळ्यातसुद्धा ताटली लागते.

पहिली चीर पडली की घरातलं प्रत्येक लेकरू खोक्यापाशी येऊन बसतं आणि 'जरा मदत करू का' सुरू होतं. करू नका. चीर पडल्यापासून पिल्लू बाहेर यायला बारा ते चोवीस तास सहज लागतात. त्या वेळात ते नुसतं पडून नसतं. कवचाच्या आतल्या शिरांमधलं रक्त ते अंगात ओढून घेत असतं, उरलेला बलक पोटात घेत असतं. घाईने सोललं तर रक्त येतं. झाकण उघडलं की आतली वाफ निघून जाते आणि शेजारच्या अंड्याचा पापुद्रा वाळतो. एकाला वाचवायला जाऊन तिघांना अडकवायचं, असा तो प्रकार. निघालेली पिल्लं सुकेपर्यंत खोक्यातच राहू द्या. पोटातल्या बलकावर ती दोन दिवस सहज काढतात. म्हणूनच एक दिवसाची पिल्लं खोक्यांत भरून लांबच्या गावी पाठवता येतात.

"आमच्या आजीच्या कोंबडीला कुठे होता हायग्रोमीटर?"

नव्हता, आणि तिच्याइतकं चांगलं यंत्र आपल्याला बनवताही येत नाही. घरात खुडूक कोंबडी असेल आणि दहा-बारा अंडी असतील तर खोक्याच्या भानगडीत पडू नका, तिलाच डालग्याखाली बसवा. पिल्लं ती सांभाळतेही. खोका कामाचा केव्हा? अंडी जास्त साठली असतील तेव्हा, किंवा कोंबडी खुडूक होतच नसेल तेव्हा. शिवाय गावरान कोंबडी वर्षाला साठ-ऐंशी अंडी देते. त्यातले तीन आठवडे बसण्यात आणि पुढचे दोन महिने पिल्लांमागे गेले तर तेवढी अंडी कमी, हाही हिशेब असतो.

वीज कडाडली की अंडी बाद होतात, म्हणून काही घरांत अंड्यांपाशी लोखंडाचा तुकडा किंवा कोळसा ठेवतात. आवाजाने अंडं मरत नाही. पण ज्या रात्री पहिला वळीव गडगडतो त्या रात्री लाइट जाते, हवा एकदम गार आणि ओली होते, आणि बिथरलेली कोंबडी अंडी सोडून उठते. दुसऱ्या दिवशी दोष विजेला लागतो. लोखंड ठेवायला हरकत नाही, पण ताटली काढायला विसरू नका.

दुकानातली अंडी लावली तर?

पोल्ट्रीच्या पिंजऱ्यात कोंबडा नसतो, त्यामुळे त्या अंड्यांतून काही निघणार नाही. कवच तपकिरी आहे म्हणून अंडं गावरान आणि फलित, असंही नाही. आठ-दहा कोंबड्यांमागे एक तरणा कोंबडा फिरतोय, हे स्वतः पाहिलेल्या घरूनच अंडी घ्या. अंडी धुऊ नका. कवचावर जंतू अडवणारा पातळ थर असतो, तो निघून जातो. लांबट अंड्यातून कोंबडा आणि गोल अंड्यातून तलंग, हेही खरं नाही. निम्मे कोंबडे निघणार असंच धरून चाला.

मरतूक सुरू असलेल्या कळपातली अंडी मात्र फुकट मिळाली तरी आणू नका. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात कोंबड्या पटापट मेल्या आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला, हे फार जुनं नाही. खोक्यातली पिल्लं आईच्या पंखाखाली नसल्याने पहिला आठवडा त्यांना ३२ ते ३५ अंशांची ऊब द्यावी लागते. पुढे दर आठवड्याला तीन अंश कमी करत जायचं. पाचव्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान मानमोडीची, म्हणजे राणीखेतची लासोटा लस डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. लस थंडच ठेवावी लागते आणि एक बाटली बहुधा शंभर-दोनशे पिल्लांची येते. त्यामुळे गल्लीतल्या चार घरांनी एकाच आठवड्यात अंडी लावली तर ती वाया जात नाही. लसीचं वेळापत्रक जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात मिळतं. परभणी आणि उदगीरला तर पशुवैद्यकीय महाविद्यालयंच आहेत. पिल्लं का मेली हे कळत नसेल तर एक-दोन मेलेली पिल्लं पिशवीत घट्ट बांधून, बर्फात ठेवून, त्याच दिवशी तिथे घेऊन जा.